रिकाम्या आकाशाचा फोटो

सोलापूरच्या उन्हाळ्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पाहुणे स्टेशनाबाहेर पाऊल टाकतात आणि कपाळाला हात लावतात, जसं काही हे ऊन आम्ही त्यांच्यासाठी मुद्दाम तापवून ठेवलंय. अहो, ऊन आहे, खाली बसा, माठातलं पाणी प्या, दुपारी गुमान आडवे व्हा. ज्याला उन्हाळ्यात दुपारी झोपायची लाज वाटते त्याने सोलापुरात येऊच नये. मला हा उन्हाळा मनापासून आवडतो. कडुनिंबाचा फुलोरा अंगणभर सांडतो, खिडक्यांना ओल्या चादरी लागतात, बारा ते पाच रस्ते मोकळे होतात आणि अक्कलकोट रोडवरच्या आमच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागते. कूलरच्या, विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या. माझ्या वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, मोटार रिवायंडिंगचा धंदा आहे, आणि आमच्या घरात ऋतू बदललेला वार्निशच्या वासावरून कळतो.

परवा कॉलेजातली परीक्षेची ड्यूटी संपवून दुकानात डोकावले. मी इथल्याच एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. आप्पा एका मोटारीवर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. मोटारीचा मालक समोरच्या बाकावर घाम पुसत बसलेला.

"आतनं तापतीया," आप्पा म्हणाले. "वरनं काय बी दिसत न्हाय."

हे वाक्य आप्पा दर उन्हाळ्यात निदान शंभरदा म्हणतात. माझ्या पीएच.डी.चा सगळा विषय या एका वाक्यात आहे, असं मी त्यांना एकदा सांगितलं होतं. त्यावर ते म्हणाले, "मग येवढी वर्सं कशाला लागली गं?" याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे, पण ते थोडं लांब आहे, आणि ते सांगायला सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात जावं लागतं.

लोकांना वाटतं, खगोलशास्त्राचं काम रात्रीचं. असेल कुणाचं. मी माझे तारे भर दुपारी पाहिले, आमच्या घराच्या वरच्या खोलीत, पत्र्याखाली, पायाशी टेबलफॅन लावून. दुर्बीण दूर हिमालयातल्या एका थंडगार कोरड्या डोंगरावर. तिथे मी त्याआधीच्या हिवाळ्यात जाऊन फोटो घेऊन आले होते. ते फोटो हार्डडिस्कमधून पुण्याला आले आणि एप्रिलमध्ये माझ्याबरोबर सोलापूरला. पुण्यातली खोली सोडायची वेळ झाली होती. जूनअखेर प्रबंध द्यायचा होता आणि त्यातलं शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण या फोटोंवर उभं राहायचं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दुर्बिणीच्या त्या रात्री भांडून मिळवल्या होत्या आणि पहिल्यांदाच एका विद्यार्थिनीला तिथे एकटीला पाठवलं होतं. "वैशालीवर सोडलं की मला बघावं लागत नाही," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. ते ऐकलं की मला दिवसभर जेवण नसलं तरी चालायचं.

विषय साधा आहे. ताऱ्यांतले जे दांडगे, सूर्याच्या कितीतरी पट जड, ते जन्मतात गॅसच्या आणि धुळीच्या दाट ढगांत. एकटेदुकटे नाही, घोळक्याने. आणि त्यांचं सगळंच घाईचं असतं. बाहेरून दिसू लागेपर्यंत त्यांचं बालपण संपलेलं असतं; आपल्याच उजेडाने आणि वाऱ्याने त्यांनी तो ढग फाडून टाकलेला असतो. त्यांना लहानपणी पाहायचं तर धुळीच्या आत पाहायला हवं, आणि साधा उजेड त्या धुळीतून बाहेर येत नाही. अवरक्त किरण येतात. म्हणजे उष्णतेचे किरण, डोळ्यांना न दिसणारे. आप्पांच्या तळहाताला जे कळतं ते आम्ही दुर्बिणीला विचारतो.

पंचाईत अशी की कोमट असलेली प्रत्येक वस्तू हे किरण सोडते. आकाश सोडतं, दुर्बीण सोडते, दुर्बिणीशेजारी उभी राहिलेली मी सोडते. भर उन्हात काडी पेटवली तर ज्योत दिसत नाही, तसं होतं. म्हणून आमची एक रीत आहे. आधी त्या ढगाचा फोटो घ्यायचा. मग दुर्बीण बरीच बाजूला न्यायची, जिथे काही नाही अशा रिकाम्या आकाशाकडे, आणि त्या रिकाम्या जागेचा फोटो घ्यायचा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. आकाशाची ऊब दोन्हींत सारखीच, ती निघून जाते आणि तारे उरतात. मी हे पहिल्यांदा आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काय न्हाय त्याचा बी फोटू काडता? काय न्हाय तर काडता कशाला?" मी हसले होते.

आता अगदी रिकामं आकाश कुठेच नसतं. चार-दोन तारे असतातच. त्यावरही उपाय आहे. रिकाम्या जागेचे पाच फोटो घ्यायचे आणि दर फोटोला दुर्बीण केसभर सरकवायची. मग ते चुकार तारे प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी पडतात आणि पाचांचा मेळ घातला की पुसले जातात. सरकवायची, फोटो, सरकवायची, फोटो. नोंदवहीत दर वेळी एक टीक. शाळेतल्या पोराला जमेल इतकं सोपं काम.

तर तो एप्रिल. सकाळी आठलाच पत्रा कुरकुरू लागायचा. लॅपटॉप इतका तापायचा की मी तो उपड्या परातीवर ठेवायची आणि परातीखाली ओलं फडकं. ज्या कॅमेऱ्याने ते फोटो घेतले त्याला थंड ठेवायला द्रवरूप नायट्रोजन ओततात. त्याचे फोटो सोलापुरात उघडायला मला आईच्या परातीचा आधार. याची मला गंमत वाटायची. केम गावाहून काकांनी वर्षाची ज्वारी पाठवलेली होती. सुगी आटोपली की ती दर साल येते, गच्चीवर उन्हं खाते आणि मग आई ती निवडायला बसते. माझ्या खोलीला गच्चीच्या बाजूने सावली, म्हणून आई सूप घेऊन माझ्या खोलीतच यायची. ती खाली बसून खडे काढायची, मी वर बसून तारे. तासन्‌तास आम्ही बोलायचो नाही. मधूनच ती म्हणायची, "लई खडं हायती औंदा," आणि मी म्हणायची, "इकडंही."

कारण माझ्या फोटोंत काळे ठिपके होते. वजाबाकी झाल्यावर तो ढग, म्हणजे तेजोमेघ, सुरेख दिसायचा, त्यात कोवळ्या ताऱ्यांचे पांढरे दाणे, आणि मधेमधे कुणी टाचणीने टोचावं तशी काळी भोकं. दहा-बारा असतील. मॅडमना पाठवलं तर त्यांचं उत्तर आलं, कॅमेऱ्याचे डाग असतील, झाकून टाक आणि पुढे चल. कॅमेऱ्याचा डाग म्हणजे चष्म्याच्या काचेवरचा चरा. कुठेही पाहा, जागच्या जागीच दिसणार. हे ठिपकेही तसेच वागत होते. आम्ही प्रत्येक फोटो तीन फिल्टरांतून घेतो, तिसरा धुळीत सगळ्यात खोल पाहणारा, आणि तिन्हींत ठिपके त्याच जागी होते. मी ते झाकले, उरलेल्या ताऱ्यांची यादी केली, यादी मॅडमना पाठवली. त्यांनी ती घालून पेपरचा मसुदा लिहायला घेतला. मला वाटलं, झालं. संध्याकाळी मी आप्पांबरोबर सिद्धेश्वर तळ्यावर जाऊन उसाचा रस पिऊन आले.

दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. पाणी भरून झाल्यावर आई सूप घेऊन आली आणि कंबर मोकळी करायला म्हणून माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. पडद्यावर तीन फिल्टरांचे तीन फोटो शेजारी शेजारी उघडे होते. ती बराच वेळ बघत होती. ज्वारी निवडणाऱ्या बाईची नजर काय असते ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. हात सूप हलवत असतो, तोंड शेजारणीशी बोलत असतं आणि नजर मात्र एक बारकासा खडा सोडत नाही.

"ह्यो खडा हितं हाय, तितं न्हाय," आई म्हणाली.

"कुठला?"

तिने बोट ठेवलं. तिसऱ्या फोटोत, कोपऱ्यापासून जरा आत, एक काळा ठिपका होता. चांगला ठळक. दुसऱ्यात त्या जागी जेमतेम सावली. पहिल्यात काहीच नाही.

"तो खडा नाही आई. कॅमेऱ्यावरचा डाग आहे."

"डाग आसंल तर तिन्हीत दिसंल की," आई म्हणाली. "डाग काय बघून बघून पडतोय व्हय?" आणि ती परत सुपाशी जाऊन बसली.

मी तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. तिचं बरोबर होतं. डाग असता तर तिन्हीत असता. फक्त तिसऱ्या फिल्टरमध्ये ठळक दिसणारी, पहिल्यात गायब असणारी एकच गोष्ट मला ठाऊक होती, आणि तिच्यामागे मी पाच वर्षं हिंडत होते: धुळीत खोल गुरफटलेला तारा. पण तारा पांढरा दिसायला हवा. काळा केव्हा दिसेल? तो वजा केलेल्या फोटोत असेल तेव्हा. रिकाम्या आकाशाच्या फोटोत. आणि तिथले तारे तर पुसले जायला हवे होते, कारण दुर्बीण दर वेळी सरकवली होती.

सरकवली होती ना?

प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर दुर्बीण कुठे रोखलेली होती त्याचे आकडे लिहिलेले असतात. ते कुणी बघत नाही, बघायची वेळ येत नाही. मी रिकाम्या आकाशाच्या पाचही फाइली उघडल्या. पाचही ठिकाणी तेच आकडे, शेवटच्या अंकापर्यंत. मग नोंदवहीचं पान उघडलं. माझ्याच अक्षरात, ओळीने पाच टिका: सरकवली, सरकवली, सरकवली, सरकवली, सरकवली.

आठवायला वेळ लागला नाही. त्या रात्री दरीतून ढग वर येऊ लागले होते, बोटं वाकत नव्हती, आणि मी वेळ वाचवायला म्हणून नोंदवहीतल्या टिका आधीच मारून ठेवल्या होत्या. काम तर करायचंच आहे, म्हणून. मग त्या ढगांकडे बघत बघत पाच फोटो घेतले आणि दुर्बीण एकदाही हलवली नाही. टिका मारलेल्याच होत्या, त्यामुळे चुकलं हे मला कधी कळलंच नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाकडूनच होईल अशी ही चूक आहे. काही नाही त्या जागेचा फोटो काढायला जो गेलाच नाही त्याच्या हातून ती कशी होणार?

बाकीचे काळे ठिपकेही मग कळले. ते सगळे साधे, कुठलेही, तिन्ही फिल्टरांत दिसणारे तारे होते, रिकाम्या म्हटलेल्या त्या आकाशातले. माझ्या यादीतले जे तारे त्यांच्या आसपास होते त्यांची मापं चुकलेली. किती, ते ठाऊक नाही. म्हणजे यादीच संशयाची. मॅडमच्या मसुद्यात तीच यादी. आणि नोंदवहीत चूक लिहिलेली नव्हती, खोटं लिहिलेलं होतं. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. ठिपके झाकलेले होतेच. जूनमध्ये प्रबंध गेला असता. फक्त तो एक काळा ठिपका जन्मभर कॅमेऱ्याचा डाग म्हणून राहिला असता. त्याला तारा म्हणायचं तर तो मला दिसला कसा, हे सांगावं लागणार होतं. पुढच्या तीन-चार दिवसांत मी आईची तीन सुपं ज्वारी निवडून दिली. माझं काम मला उघडवत नव्हतं.

मग एका दुपारी आप्पांचा डबा घेऊन दुकानात गेले. आप्पा कॉइलचे वेढे घालत होते. वेढे मोजताना ते बोलत नाहीत; गिऱ्हाईक असो की मुलगी, थांबायचं. अक्कलकोटकडचा एक शेतकरी "लगू माड्री, लगू माड्री" करत बसला होता, म्हणजे लवकर आटपा. आप्पांना मोटारीपुरतं कन्नड येतं. त्यांनी एक हात वर केला, मोजणं पुरं केलं, तार तोडली आणि मगच डब्याकडे वळले. शेतकरी चहाला उठून गेला.

"आप्पा, तुमच्या हातनं कधी मोटार चुकती का?"

"चुकती की. मानूसच हाय."

"मग गिऱ्हाइकाला काय सांगता?"

"व्होल्टेज," आप्पा म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीत बुडवला. "सांगायचं, व्होल्टेज कमीजास्त झालं. आख्ख्या सोलापूर जिल्ह्यात व्होल्टेजला कुनी उलटं इचारत न्हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. टिकांचंही. आप्पांनी जेवण थांबवलं नाही, पण चावणं सावकाश झालं.

"तुज्याकडं व्होल्टेज न्हाय का काय?"

"आहे. ढग होते त्या रात्री."

"मग झालं की. ढगानं फोटू खराब केलं म्हण. येक वरीस मागून घे. सगळं आपल्याच आंगावर कशाला घेतीस?"

"मग तो तारा?"

"त्यो ढगात बसत न्हाय?"

"नाही बसत. दुर्बीण हलवली नाही, म्हणूनच तो राहिला. हलवली असती तर पुसला गेला असता. तो आहे असं म्हणायचं तर मी चुकले असं म्हणावं लागतं."

आप्पांनी हात धुतले. बाहेरच्या उन्हाकडे बघत बराच वेळ टॉवेलला हात पुसत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली, आणि ती माझ्यासाठी होती. मला पुण्याला पाठवू नका म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांशी हा माणूस एकटा भांडला होता. मुलीचं शिक्षण शेवटच्या पायरीवर अडकलं तर त्यांना तोंड द्यावं लागणार होतं, मला नाही.

"मला इचारू नगंस," शेवटी ते म्हणाले. "मी व्होल्टेजवाला मानूस हाय." आणि पुढची कॉइल घ्यायला गेले.

मला त्या क्षणी त्यांचा फार राग आला. आज वाटतं, त्यांनी "सांग" म्हटलं असतं तर मी त्यांच्या सांगण्यावरून सांगितलं असतं, आणि "नको" म्हटलं असतं तर त्यांच्या आडोशाला लपले असते. त्यांनी दोन्ही दारं लावून घेतली. घरी आले, जिन्याच्या वरच्या पायरीवर, जिथे रेंज येते तिथे बसले आणि मॅडमना फोन लावला.

मी एका दमात सांगितलं. पलीकडून त्यांच्या खोलीतल्या एसीचा आवाज येत होता.

"नोंदवहीत टिका आहेत," मॅडम म्हणाल्या.

"मीच मारल्या. आधीच."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"हो."

"मी ती यादी मसुद्यात घातली आहे, वैशाली. माझं नाव आहे त्यावर."

"हो मॅडम. पण त्यात एक तारा..."

"आत्ता मला ताऱ्याचं काही सांगू नकोस." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "पेपर मी थांबवते. तुला मुदतवाढ लागेल, त्याचं पत्र देते. पण यापुढे तू दुर्बिणीवर एकटी बसणार नाहीस."

फोन ठेवला तेव्हा ज्या पायरीवर बसले होते ती तापलेली आहे हे मला कळलं. प्रबंध वर्षभर लांबला याचं दुःख नव्हतं. "वैशालीवर सोडलं की मला बघावं लागत नाही" हे वाक्य आता कुणी म्हणणार नव्हतं, आणि ते माझ्याच हाताने गेलं होतं. मी तिथे बसून खूप रडले. आई वर आली. ताकाचा तांब्या शेजारी ठेवला आणि गेली.

तरी तो उन्हाळा माझा वाईट गेला असं मी म्हणणार नाही. उलट. दोन दिवसांनी मॅडमचा एका ओळीचा मेल आला: त्या ठिपक्याचे आकडे पाठव. मी पाठवले. मग सगळी यादी पहिल्यापासून करायला बसले, यावेळी प्रत्येक फाइलीचा माथा वाचत. मे महिन्यात मी जेवढं खगोलशास्त्र शिकले तेवढं आधीच्या पाच वर्षांत शिकले नव्हते. आई ज्वारी निवडून, कडुनिंबाचा पाला घालून, पोत्यांची तोंडं शिवून मोकळी झाली तरी रोज दुपारी खोलीत येऊन बसायची. "झाली का गं तुजी निवडून?" विचारायची. मी म्हणायची, अजून सूपभर आहे. मला पक्कं ठाऊक होतं की तो तारा तिथे आहे. कसं ठाऊक होतं ते विचारू नका. आप्पांनाही मोटारीचं कुठे सांगता येतं?

रिकामं म्हणून सोडून दिलेल्या जागेत काहीतरी सापडतं, यावरून मोठा बोध काढायचा मोह मला झाला होता. मुंबई-हैदराबादच्या गाडीतले लोक सोलापूर आलं की कूस बदलून झोपतात, वगैरे. पण मी तो काढत नाही. बहुतेक रिकाम्या जागा रिकाम्याच असतात. ती एक नव्हती, इतकंच.

हिवाळ्यात मॅडमच्या, माझ्या मागून आलेल्या एका विद्यार्थ्याने त्या जागेचे फोटो घेतले. मी सोलापुरातच होते. कॉलेजात तासावर शिकवायला सुरुवात केली होती. फोटो आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. मोबाइलच्या पडद्यावर, जिथे काळं भोक होतं तिथे पांढरा तारा. भोवती धुरकट उजेडाचं वलय, आणि त्याला बिलगून सहा-सात बारके तारे. घोळका. पुढे वर्णपटानेही तेच सांगितलं: कोवळा, दांडगा, अजून धुळीत. मी तो फोटो आप्पांना दाखवला. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "येवढ्याशासाठी रडलीस व्हय गं?" मग दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला आठवडाभर दाखवत होते.

पेपर मी लिहिला. त्यात एक वाक्य होतं: रिकाम्या आकाशाचे फोटो घेताना निरीक्षकाच्या चुकीमुळे दुर्बीण सरकवली गेली नाही, आणि नोंदवहीत मात्र ती सरकवल्याची नोंद झाली, त्या चुकीतून हा तारा प्रथम दिसला. मॅडमनी मसुदा वाचला, इतर सतरा ठिकाणी लाल खुणा केल्या, त्या वाक्याला हात लावला नाही. नियतकालिकाच्या परीक्षकाने मात्र लिहिलं की ही माहिती अनावश्यक आहे, वाक्य काढावं. मी मॅडमना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, याचं उत्तर मी देते. उत्तराची प्रत मला आली. बाकीच्या मुद्द्यांना त्यांनी परिच्छेद लिहिले होते. या मुद्द्यापुढे एवढंच होतं: हे वाक्य राहील.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रबंध दिला. आणि तो दिल्यावर काही दिवसांनी, अशाच एका कडक दुपारी, मॅडमनी पुढच्या हिवाळ्यातल्या निरीक्षणांचा अर्ज सहीसाठी पाठवला. त्या ताऱ्यासाठी सलग चार रात्री मागितल्या होत्या. दुर्बिणीवर कोण बसणार त्याचा एक रकाना असतो. दोन नावांची जागा असते. मी तिथे दोन नावं शोधली. एकच होतं, आणि ते माझं होतं. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

मी अर्जाची प्रिंट काढली, टेबलावर ठेवली आणि ढसाढसा रडले, आदल्या उन्हाळ्यापेक्षा जास्त. मग डोळे पुसून सही केली. तारीख लिहिताना महिना चुकला. दुसरी प्रिंट काढता आली असती. मी चुकलेला आकडा खोडला, शेजारी बरोबर लिहिला, आणि ते पान तसंच पाठवून दिलं.